सांगलीचं घर, कर्वेनगरचा फ्लॅट: लहान घरात जाण्याच्या नियोजनाचं एक प्रकरण

मोठ्या घरातून लहान घरात जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो 'काय काय टाकायचं' हा. या प्रकरणातही मुलीचा मला फोन आला तेव्हा तिचं म्हणणं हेच होतं. आई-बाबा सांगलीहून पुण्याला येताहेत, फ्लॅट घेऊन झालाय, सामान मात्र तिप्पट आहे, तेव्हा काय ठेवायचं आणि काय नाही ते तू एकदा जाऊन ठरवून दे. मी घरांच्या अंतर्गत मांडणीचं काम करते आणि ज्येष्ठांच्या घरांची कामं माझ्याकडे बरीच येतात. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नव्या घरात त्या माणसांचा दिवस कुठे बसून, काय करत जाणार हे आधी ठरवावं. ते ठरलं की निम्म्याहून जास्त सामानाचा निकाल वाद न होता लागतो. ते न ठरवता कपाटं उपसायला बसलं, तर प्रत्येक पातेल्यापाशी भांडण होतं आणि शेवटी सगळंच ट्रकात चढतं. या कुटुंबाने ते वेळेवर मानलं, म्हणून हे काम सविस्तर लिहून ठेवते आहे. नावं अर्थातच देत नाही.

घर, माणसं आणि कारण

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या जवळ. काकू त्यांच्याहून थोड्या लहान. गुडघे दुखतात, पण शिलाई मशीनवर रोज बसतात. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्यांच्या हातचे. सांगलीत गावभागालगत त्यांचं दोन मजली घर होतं. खालचं-वरचं मिळून अठराशे चौरस फूट, वर गच्ची, मागे छोटं परस. मुलगी कोथरूडला, मुलगा जर्मनीत.

घर सोडण्याचं कारण कृष्णा. २००५ साली पाणी आलं, २०१९ साली आलं, २०२१ साली पुन्हा आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं. काका खात्यातले असल्यामुळे कोयनेतून किती क्युसेक सोडले की सांगलीत किती तासांनी काय होतं, हे त्यांना तोंडपाठ. पण ते माहीत असणं आणि त्या वयात गॅस सिलिंडर जिन्यावरून वर नेणं या दोन गोष्टी वेगळ्या. 'दर जुलैत उशाला पिशवी भरून ठेवायची, आता नको,' असं काकूंनीच एका संध्याकाळी म्हटलं आणि विषय सुरू झाला.

निर्णय त्यांचा होता, मुलांनी घ्यायला लावलेला नव्हता. याला मी फार महत्त्व देते. जिथे मुलं ठरवतात आणि आईवडील गप्प बसतात, तिथे पुढचं सगळं नियोजन अडखळतच चालतं.

आधी घेतलं, मग विकायचं

कर्वेनगरचा फ्लॅट जुन्या इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, दोन बेडरूमचा, मुलीच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. किंमत नव्वद लाखांच्या आसपास. सांगलीचं घर विकायच्या आधीच तो घेतला. काकांच्या ठेवी मोडल्या, काही रक्कम मुलीने उसनी दिली. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे जुनं घर विकण्याच्या आधीच्या एका वर्षात किंवा नंतरच्या दोन वर्षांत नवं घर विकत घेतलं तर भांडवली नफ्यावर सवलत मिळत होती. म्हणजे जुनं घर विकायला त्यांच्या हातात वर्षभर होतं. या वर्षाचा उपयोग त्यांनी पैशापेक्षा मनासाठी केला, आणि परवडत असेल तर मी प्रत्येकाला हाच क्रम सुचवीन. ज्या घराची चावी शनिवारी द्यायची आहे, त्या घरातली माळ्यावरची ट्रंक शुक्रवारी उघडून कोणी शांतपणे निर्णय घेऊ शकत नाही.

नाव कोणाचं लावायचं यावर थोडी चर्चा झाली. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुण्यात ७ च्या जागी ६ टक्के, म्हणजे इथे नव्वद हजारांचा फरक. पण सांगलीचं घर काकांच्या नावावर होतं. ज्याच्या नावावरचं घर विकलं जाणार त्याच्याच नावावर नवं घर असलं की कलम ५४ ची सवलत मागताना वाद उरत नाही, असं त्यांच्या सीएंनी सांगितलं. म्हणून काकांचं नाव पहिलं, काकूंचं दुसरं, आणि शुल्क पूर्ण भरलं. किंमत पन्नास लाखांच्या वर असल्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरायचा होता, तोही भरला. कागदांबद्दल एवढं पुरे.

गच्चीवरचा फ्लॅट

करारनाम्यात क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरून लिहिलेलं होतं. मी टेप घेऊन मोजलं तेव्हा कार्पेट ६१० चौरस फूट भरलं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरली जाते. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे कार्पेटचा आकडा हा फर्निचर ठेवण्याच्या जागेचा आकडा नसतो. त्यातून आतल्या भिंती गेल्या, दारं उघडण्याची जागा गेली, दोन बाथरूम गेली, येण्याजाण्याची वाट गेली. इथे खरी जागा होती ती चार तुकड्यांत: हॉल १० बाय १५, स्वयंपाकघर ८ बाय ८, एक खोली १० बाय ११, दुसरी १० बाय १०.

हे आकडे काकांना कागदावर लगेच कळले. आयुष्यभर नकाशे वाचलेला माणूस. काकूंना कळेनात, आणि त्यात काहीच नवल नाही. दहा फूट म्हणजे किती हे कागद सांगत नाही. म्हणून काकांनीच सुचवलं की गच्चीवर खडूने काढू. सांगलीची गच्ची नऊशे चौरस फुटांची होती, त्यात अख्खा फ्लॅट बसला. काकांनी सुतळी धरून काटकोन साधले, दारांच्या फटी सोडल्या, दार उघडतं तेवढी कमान प्रत्येक दारापाशी काढली. खिडक्यांच्या जागी गेरूची रेघ. मग खालून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, काकांची आरामखुर्ची आणली, पलंगाच्या मापाची सतरंजी अंथरली. दुपारचा चहा त्या 'हॉल'मध्ये झाला.

एका दुपारी त्या गच्चीवर जे ठरलं ते चर्चेत महिनाभर ठरलं नसतं. हॉलच्या दहा फुटांत एका बाजूला सोफ्याचे तीन फूट, समोर टीव्हीखालच्या कपाटाचा दीड फूट. मधे उरले साडेपाच, आणि त्यातून स्वयंपाकघराची वाट. तिथे सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल काकूंनी स्वतःच रद्द केलं. रेघेवर उभ्या राहून त्या म्हणाल्या, 'हे ठेवलं तर मला ताट घेऊन आडवं चालावं लागेल की.' त्याजागी भिंतीला मिटून लागणारं दोघांपुरतं टेबल ठरलं. पलंगापासून बाथरूमपर्यंत काकांना मी डोळे मिटून चालायला सांगितलं. ते दोनदा सतरंजीच्या कोपऱ्याला लागले, मग पलंग सहा फुटी नको, पाच फुटी हवा हे त्यांनाच पटलं. उद्या वॉकर लागला तर सगळीकडे तीन फूट मोकळी वाट असली पाहिजे, ही अट मी सुरुवातीलाच घातली होती. खडूच्या रेघांमध्ये ती अट सर्वांना डोळ्यांनी दिसली.

पुराची यादी आणि रोजची यादी

सामानाकडे आम्ही यानंतर वळलो. घरभर फिरून एकेक वस्तू विचारण्याऐवजी मी दोघांना एकच प्रश्न विचारला: २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा तुम्ही काय काय वर नेलंत, आणि कुठल्या क्रमाने?

उत्तर ताबडतोब आलं, आणि दोघांचं जवळजवळ एकच आलं. देव. कागदपत्रांची काळी बॅग. औषधं. फोटोंचे अल्बम. शिलाई मशीनचं डोकं, कारण टेबलासकट उचलेना. लेकीच्या बारशातली चांदीची वाटी. काकांच्या आईची पैठणी. काकांच्या कामाच्या जुन्या डायऱ्यांची चळत. मुलाची शाळेतली पदकं. चटणीची बरणी. बस. सोफा, जेवणाचं टेबल, शोकेस, काचेचे सेट खालीच राहिले, पाण्यात भिजले, नंतर धुऊन पुसून पुन्हा वापरात आले.

ही पहिली यादी मी लिहून घेतली आणि तिला हात लावायचा नाही असं सर्वांसमोर सांगितलं. त्यातली प्रत्येक वस्तू पुण्याला येणार, जागा मी शोधणार. दुसरी यादी रोजची. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हाताखाली काय काय येतं ते दोघांनी आठवडाभर लिहायचं. ही यादीही आश्चर्य वाटावं इतकी लहान निघाली: दोन कुकर, एक तवा, चार पातेली, चष्मे, रेडिओ, कात्री, मापाची टेप, वर्तमानपत्र, पूजेची भांडी, काकांची पाठ शेकायची रबरी पिशवी.

या दोन्ही याद्यांत जे नाही ते टाकायचं, असा नियम मी केला नाही. तसा नियम क्रूर होतो आणि मोडतोही. नियम एवढाच होता की दोन्ही याद्यांत नसलेली वस्तू न्यायची असेल तर ती नव्या घरात नेमकी कुठल्या भिंतीला, कुठल्या खणात राहील हे आधी सांगायचं. 'बघू तिथे गेल्यावर' हे उत्तर चालणार नाही. घराचा वरचा मजला असल्याच उत्तरांनी भरला होता. तीन पुरांत वर नेलेलं सामान पाणी ओसरल्यावर पुरतं खाली आलंच नव्हतं.

माळा हिशोबात धरायचा नाही

फ्लॅटमध्ये दोन्ही बाथरूमवर माळे होते. मुलीच्या मते त्यात निम्मं सामान गेलं असतं. मी माळा मांडणीत धरायला नकार दिला, आणि अजूनही देते. सत्तरीपुढच्या माणसाने स्टुलावर चढून डबा काढायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी माझ्या कामात पाहिली आहेत. माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणारी वस्तू, आणि तीही मुलगी किंवा जावई येऊन काढून देणार असेल तर. गौरीचे मुखवटे आणि त्यांच्या सजावटीची पेटी, एवढंच तिथे गेलं. रोजचं सगळं गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत बसलं पाहिजे. या एका अटीने सामान जेवढं कमी झालं तेवढं दुसऱ्या कशानेच झालं नसेल.

दुसरी खोली कोणाची

खरी ओढाताण इथे झाली. मुलीच्या सुताराने आधीच एक आराखडा करून दिला होता. त्यात दुसऱ्या खोलीवर 'गेस्ट रूम' लिहिलेलं, डबल बेड, बाजूला आरशाचं कपाट. शिलाई मशीन हॉलच्या कोपऱ्यात पडद्याआड, आणि काकांचं लिहायचं टेबल कुठेच नाही.

गेस्ट कोण, हे मी विचारलं. मुलगा, सून आणि दोन नातवंडं. किती वेळा येतात? दोन वर्षांतून एकदा, तीन आठवडे. त्यातला एक आठवडा सुनेच्या माहेरी.

काकूंना हा हिशोब आवडला नाही. 'पोरं आली आणि त्यांना स्वतःची खोली नाही, हे बरं दिसतं का?' त्यांच्या आवाजात दुखावल्याची खूण होती. सांगलीत मुलाची खोली वीस वर्षं तशीच राखलेली होती आणि तिचं नव्या घरात काहीच उरत नव्हतं. हे हळवेपण म्हणून उडवून लावण्यासारखं मला कधीच वाटलं नाही. म्हणून मी वाद घातला नाही. फक्त पुन्हा गच्चीवर गेलो, दुसऱ्या खोलीच्या रेघांमध्ये मशीन ठेवलं, खिडकीच्या गेरूच्या रेघेसमोर. काकू सवयीने मशीनवर बसल्या. डावीकडून उजेड येतोय का हे त्यांनी आपणहून विचारलं. फ्लॅटची ती खिडकी पूर्वेची होती, सकाळी उजेड मिळणार होता. काकांनी आपली खुर्ची दुसऱ्या भिंतीला ओढली आणि डायऱ्यांची चळत मांडीवर घेतली. त्यांना खात्यातल्या कामाच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

मुलाशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा त्याने आईला सांगितलं, 'आई, आम्ही ताईकडे झोपू, नाहीतर हॉलमध्ये गाद्या टाकू. पण तुझं मशीन पडद्यामागे नको.' यानंतर खोली कामाची ठरली: खिडकीशी मशीन, शेजारी कापडांचं खणांचं कपाट, समोर काकांचं टेबल आणि एका भिंतीला तीन फुटी दिवाण, ज्याच्या पोटात दोन जास्तीच्या गाद्या. मुलाच्या वस्तूंसाठी एक पत्र्याची ट्रंक. त्यात काय राहील ते त्यानेच कॅमेऱ्यासमोर निवडलं.

माझ्या मते लहान घराच्या नियोजनात ही सगळ्यात मोठी चूक सर्रास होते. घरात राहणाऱ्या दोघांना अडचणीत बसवून, क्वचित येणाऱ्यांसाठी खोली राखली जाते. आदरातिथ्य आपल्याकडे मोठं मानतात, मानावंच. पण त्याची किंमत रोज शिवणाऱ्या बाईने का मोजायची?

कोठ्या, बरण्या आणि पंगत

स्वयंपाकघराचा प्रश्न भांड्यांचा असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला बेगमीचा. काकू दरवर्षी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायच्या. शाळू, गहू, तांदूळ, तूरडाळ. डाळीला एरंडेल चोळून, तांदळाला बोरिक पावडर लावून, पत्र्याच्या मोठ्या कोठ्यांत. शिवाय वर्षाची चटणी, हळद, लोणचं, कुरडया, सांडगे. पुरातसुद्धा घरात दाणा होता, शेजारच्या तीन घरांना पुरला, हे त्या अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे. आठ बाय आठच्या स्वयंपाकघरात त्या कोठ्या ठेवल्या असत्या तर फ्रिजला जागा नव्हती.

महिन्याचं वाणसामान पिशवीतून आणायचं, ही गोष्ट त्यांना गरिबीसारखी वाटत होती. तसं त्यांनी बोलून दाखवलं. तोडगा त्यांच्याच जावेने काढला. शाळू सांगलीचाच खायचा, पण दर दोन महिन्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाबरोबर दहा-दहा किलो पाठवायचा. सांगली-पुणे रोज कोणी ना कोणी असतंच. पुण्यात वीस किलोच्या दोन कोठ्या, ओट्याखाली चाकांच्या फळीवर, वाकून ओढाव्या लागणार नाहीत अशा. चटणी मात्र वर्षाची. चिनी मातीच्या दोन बरण्यांना खिडकीखालचा कोपरा आधी दिला आणि मग बाकीच्या ट्रॉल्या आखल्या.

भांड्यांचा नियम काकूंनी स्वतः केला. नव्या घरात आठ माणसांची पंगत आपण हाताने करू, त्याच्यावर माणसं आली तर बाहेरून मागवू. आठांना पुरतील एवढी पातेली, एक परात, आठ ताटं-वाट्या. त्याहून मोठं सगळं निघालं. दोन मोठी पितळी तपेली गल्लीतल्या गणपती मंडळाला महाप्रसादासाठी दिली. घंगाळ भाचीला. बाकीचं पितळ मोडीत घातलं. त्याच्या पैशांतून नवा मिक्सर आला, कारण पाटा-वरवंटा तिसऱ्या मजल्यावर न्यायला काकूच नको म्हणाल्या.

कपाट आणि लिफ्ट

नवीन घर म्हटलं की भिंतभर वॉर्डरोब, असा हल्ली शिरस्ता आहे. मी इथे तो टाळला. काकूंकडे गोदरेजचं जुनं स्टोअरवेल होतं, पुरात तळाशी थोडं गंजलेलं पण दणकट. त्याची पुढून मागे जाडी ४८६ मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाहून थोडी जास्त. लाकडी वॉर्डरोब दोन फूट घेतो. १० बाय ११ च्या खोलीत साडेसहा फूट लांबीचा पलंग आणि समोरच्या भिंतीला हे कपाट ठेवलं की मधे जेमतेम तीन फूट वाट उरते. वॉर्डरोबने ती अडीचवर आणली असती. शिवाय कुठल्या खणात काय आहे हे काकूंच्या हाताला अंधारातही माहीत आहे. ती सवय नव्या घरात सोबत आणणं मला लाखभर रुपयांच्या सुतारकामापेक्षा मोलाचं वाटलं.

प्रश्न होता ते वर कसं न्यायचं. लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची. आतली जागा ११०० बाय १००० मिलिमीटर, दाराची रुंदी ७००, उंची २०००. कपाट ९१६ रुंद आणि १९८० उंच. उभंच ठेवून अरुंद बाजू पुढे करून घातलं तर शिरतं, उभ्या मापात फक्त २० मिलिमीटर उरतात. म्हणजे खाली चाकाची ढकलगाडी लावली की शिरणार नाही, आणि आत जागेवर वळवायला कोणी उभं राहू शकत नाही. हे मूव्हर्सच्या माणसाला आधी सांगितलं, म्हणून त्याने जिन्याने नेण्यासाठी चार जादा हमालांचा दर आधीच धरला. ही मोजमापं आदल्या दिवशी कळतात तेव्हा पैसे दुप्पट जातात आणि जिन्याच्या भिंती खरचटून सोसायटीशी पहिल्याच दिवशी वाद होतो.

बाकी वस्तू

पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे मोठे होते. काकांनी एक कपाट भरेल एवढी निवडली. उरलेल्यांची यादी करून एका शाळेच्या वाचनालयाला आधी पाठवली, त्यांनी खुणा केल्या तेवढीच दिली. न विचारता पोती भरून वाचनालयाच्या दारात ठेवणं हा त्यांच्यावर भार टाकणं आहे. देवघरातल्या जादा तसबिरींचं गुरुजींच्या सल्ल्याने विसर्जन केलं. टाक आणि पितळी बाळकृष्ण आले. हॉलमधला झोपाळा दहा फुटांच्या खोलीत झुलायला जागा नव्हती म्हणून राहिला. पुढे घर घेणाऱ्याने तो मागून घेतला.

हलण्याच्या आधी आणि त्या दिवशी

पौषात काकूंना हलायचं नव्हतं. गुरुजींनी माघातला दिवस दिला, त्यामुळे कामाला दोन महिने मिळाले. बाथरूममध्ये खरखरीत फरशा, कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे, दार बाहेर उघडणारं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार अडतं. पलंगाशी दिव्याचं बटण, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. उंबरे काढले. वास्तुशांत रिकाम्या घरात करायची आणि रंगाचा शेवटचा हात त्यानंतर, हे आधीच ठरवलं. होमाच्या धुराने छत काळवंडतं.

पहिल्या मूव्हरने १९ फुटी ट्रक सांगितला होता. याद्या झाल्यावर १४ फुटी आयशर पुरला. खोक्यांवर मी जुन्या घरातलं नाव लिहू दिलं नाही. 'वरची खोली, डावं कपाट' याचा पुण्यात काही अर्थ नाही. 'दुसरी खोली, टेबलाचा खालचा खण' असं लिहिलं, म्हणजे हमालाने खोकं थेट जागेवर ठेवलं. खोकं भरतानाच त्याची जागा लिहायची असल्याने जागा नसलेल्या वस्तू तिथेच बाजूला पडल्या. सोसायटीला आठवडाभर आधी पत्र दिलं, लिफ्टची वेळ आणि गाडी उभी करायची जागा ठरवून घेतली.

गाडी रात्री निघाली, पेठनाका, कराड, सातारा करत पहाटे खंबाटकी उतरली. देव, कागदांची बॅग, औषधं, एक कुकर, चहाचं सामान आणि दोन चादरी मुलीच्या गाडीतून वेगळ्या आल्या. त्या रात्री एकही खोकं उघडावं लागलं नाही. काकू-काका दिवसभर मुलीकडे थांबले. संध्याकाळी पलंग, पडदे, गॅस आणि देवघर लागल्यावरच आले. सामान उतरत असताना ज्येष्ठांना त्या गोंधळात बसवून ठेवू नये, असा माझा आग्रह असतो.

कागदी कामं मुलीने एकेक करत उरकली: सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) नावावर करणं, ज्यासाठी हस्तांतर अधिमूल्य कमाल पंचवीस हजार असतं, महावितरणचं मीटर, मिळकतकर, गॅस, आधारवरचा पत्ता, मतदार यादीसाठी नमुना ८. पेन्शनचं खातं काकांनी सांगलीच्या शाखेतच ठेवलं. हयातीचा दाखला आता घरबसल्या देता येतो, त्यामुळे अडलं नाही.

पावसाळ्यानंतर

सांगलीचं घर दिवाळीच्या आत विकलं गेलं. मधल्या काळात काका-काकू तिथे दोनदा राहून आले. पहिल्या खेपेला काचेचे सेट आणि शोकेस पुन्हा पुण्याला न्यावेत का, असा विचार झाला होता. कुठे ठेवायचे, हा प्रश्न काकूंनीच विचारला आणि ते जावेकडे गेले.

मी पावसाळ्यानंतर फ्लॅटवर गेले होते. काकूंनी मजल्यावरच्या दोघींचे ब्लाऊज शिवायला घेतले आहेत. काकांच्या आठवणी कोयनेपर्यंत आल्या आहेत. माळे अजून जवळजवळ रिकामे आहेत. मिटणारं टेबल मात्र मिटलं जात नाही. ते कायम उघडं असतं, कारण त्यावर आता भाजी निवडली जाते, आणि वाट तरीही तीन फुटांची राहते. एक अडचण वापरातून कळली आहे. ड्राय बाल्कनीतलं कपडे धुण्याचं यंत्र समोरून उघडणारं आहे आणि त्यासाठी काकूंना गुडघ्यात वाकावं लागतं. पुढच्या आठवड्यात गवंडी येऊन त्याखाली फूटभर उंचीचा कट्टा बांधून देणार आहे. पाण्याचा पाइप त्यासाठी थोडा वर घ्यावा लागेल.